'पोलेमिक' : एका शब्दाचे कुळ
(नगरवाचनालयाच्या व्याख्यानमालेतील भाषण)



विरोधकाचा लेख एका शब्दात निकालात काढावयाचा असला, की इंग्रजी पत्रकार त्याला 'पोलेमिक' म्हणून मोकळे होतात. आमच्या पत्राच्या वाट्याला हा शब्द इतक्या वेळा आला, की अखेर एके दिवशी कोश उघडून त्याचे कुळ शोधणे भाग पडले.

ग्रीक भाषेत 'पोलेमोस' म्हणजे युद्ध. 'पोलेमिकोस' म्हणजे युद्धविषयक. तोच शब्द फ्रेंचच्या वाटेने सतराव्या शतकात इंग्रजीत उतरला. 'पॉलिटिक्स'शी त्याचे नाते असावे असे पुष्कळांना वाटते, पण ते खरे नव्हे. 'पॉलिटिक्स'चे मूळ 'पोलिस' म्हणजे नगर. आपल्या चौकीवरचा पोलीस त्या घराण्यातला. 'पोलेमोस'चे घराणे निराळे. भूगोलकार टॉलेमीचे नाव मात्र त्यातलेच. गंमत अशी, की याच टॉलेमीने पैठणच्या राजाचे नाव 'पोलेमायोस' असे नोंदविले आहे. तो आपला सातवाहन पुळुमावी, असे विद्वान मानतात. ग्रीक कानाने आमच्या राजाला परस्पर योद्धा करून टाकले!

युरोपात हा शब्द गाजला तो धर्मपीठावर. १५१७ साली ल्यूथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिल्यानंतर कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट पंडितांनी एकमेकांच्या मतखंडनाचे शास्त्रच उभारले. रोमच्या विद्यापीठात बेलार्मीन १५७६ पासून हाच विषय शिकवीत असे. 'पोलेमिक' ही धर्मशास्त्राची एक मान्य शाखा ठरली. समेट घडविणाऱ्या लेखनाला नाव मिळाले 'आयरेनिक', ग्रीक शांतिदेवतेवरून.

म्हणजे इंग्रजाजवळ शब्द दोन, युद्धाचा नि शांततेचा. आमचा गौतम याहून बारकाईने पाहतो. न्यायसूत्रांतील सोळा पदार्थांत वाद, जल्प आणि वितंडा हे ओळीने दहावा, अकरावा नि बारावा. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. विजयासाठी चालतो तो जल्प. त्यात छलही क्षम्य, पण स्वतःचा पक्ष मांडावाच लागतो. आणि स्वतःचा पक्षच न ठेवता दुसऱ्याचा केवळ खोडीत बसणे, ती वितंडा. 'पोलेमिक'ला आमच्याकडे जवळचा शब्द जल्प. गौतमाने त्याचे समर्थनही केले आहे : कोवळ्या रोपाभोवती काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा तत्त्वाच्या रक्षणासाठी जल्प आणि वितंडा यांचा उपयोग आहे. १८५७ च्या आरंभी मुंबईच्या समुद्रकिनारी विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जे जाहीर वाद झाले, त्यांत काटे दोन्हीकडे भरपूर होते. पण कुंपणाआड काय राखावयाचे, हे दोघांनाही ठाऊक होते.

आता एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी मी एका प्रतिपक्षाच्या निवेदनावर अग्रलेख लिहिला. वाक्य न् वाक्य सोलून काढले. चौकात लोकांनी तो मोठ्याने वाचला, टाळ्या पिटल्या. मीही दिवसभर फुशारकीत होतो. तिसऱ्या दिवशी एका वृद्ध शिक्षकाचे पोस्टकार्ड आले. "लेख झणझणीत आहे. त्यांचे म्हणणे काय, ते नीट समजले. आपले काय?"

मी अंक पुन्हा काढून वाचला. दोन स्तंभांच्या त्या मजकुरात आमची मागणी सांगणारे एकही वाक्य नव्हते. त्या रात्री दुसरा अग्रलेख लिहावयास बसलो. पहिल्यापेक्षा तो लहान झाला, आणि त्याला वेळ मात्र दुप्पट लागला.