कडीकोयंडा आणि करार



आजचा विषय ऐकून काहींना नवल वाटले असेल. कामगारांच्या सभांतून बोलणाऱ्या माणसाचा घरफोडी आणि विमा यांच्याशी काय संबंध? संबंध आहे. आमची शाळा सातवीला सुटली आणि आम्ही यंत्रमागाच्या खात्यात शिरलो. पुढचे शिक्षण झाले ते वेतनकरार वाचून. एका शब्दाच्या फरकाने शंभर माणसांचा बोनस कसा बुडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. विम्याची पॉलिसी हाही करारच. आणि आपल्यापैकी बहुतेकांनी तो न वाचताच सही केली आहे.

दिवस सुट्टीचे आणि लग्नसराईचे आहेत. घरोघरी कुलपे लागलेली आहेत. म्हणून प्रथम एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या संघटनेतील एक बाई एका घरी धुणीभांडी करीत. घरची मंडळी चार दिवस लग्नासाठी परगावी गेली. परत येऊन पाहतात तो कपाट उघडे, आणि मुलीसाठी जमविलेले आठ तोळे सोने गेलेले! पुढच्या दाराचे कुलूप शाबूत होते आणि एक किल्ली बाईंजवळ असे. मालकांनी तक्रारीत सरळ लिहून दिले, की किल्ली हिच्यापाशी, तेव्हा हे काम हिचेच. बाईंना तीन दिवस ठाण्यावर बोलावून बसविले. गावात बभ्रा झाला. दुसऱ्या दोन घरांनीही त्यांना कामावरून काढले.

आम्ही त्या घरी गेलो. मालक रागावलेले होते, पण माणूस सज्जन. त्यांनी घर दाखविले. मागच्या बाजूला न्हाणीघराच्या खिडकीच्या काचपट्ट्या काढून खाली ठेवलेल्या होत्या आणि एक गज वाकविलेला होता. पुढचे कुलूप शाबूत दिसल्यावर मागे कोणी पाहिलेच नव्हते! पुढे दुसऱ्या गावी एक टोळी पकडली गेली, तिच्याजवळ या घरातील दोन डाग सापडले, आणि बाईंवरचा आळ गेला.

पण गोष्ट येथे संपत नाही. मालकांचा घरफोडीचा विमा होता. कंपनीने उत्तर दिले, की आपल्याच तक्रारीप्रमाणे चोर किल्लीने आत शिरला, म्हणजे बळाचा वापर झाला नाही. शिवाय घरच्या नोकराने केलेली चोरी या पॉलिसीत बसत नाही. गरीब बाईवर घाईने घेतलेल्या संशयाने मालकांचा स्वतःचाच दावा बुडत होता! खिडकीचा पुरवणी पंचनामा झाला, पत्रव्यवहार झाला, आणि वर्षाने काही रक्कम हाती आली. बाईंची गेलेली कामे मात्र कोणत्याही पॉलिसीत बसत नव्हती.

आता या ‘बळ’ शब्दाचा उलगडा करू. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत घरफोडीची व्याख्या रुंद आहे. चोरी करण्यासाठी नुसते कुलूप उघडून घरात शिरणे हीही कायद्याच्या दृष्टीने घरफोडीच. विमा कंपनीची व्याख्या त्याहून अरुंद असते. बहुतेक पॉलिसींत बळाने वा मोडतोड करून आत शिरणे किंवा बाहेर पडणे, अशी अट असते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली अशाच एका खटल्यात सांगितले, की पॉलिसीत जी व्याख्या लिहिली असेल तीच चालेल. सामान्य व्यवहारातला अर्थ तेथे लावता येणार नाही. म्हणजे दार उघडे टाकून शेजारी गेलात, किंवा कुंडीखाली ठेवलेली किल्ली चोराच्या हाती लागली, तर पोलिसांच्या दप्तरी गुन्हा नोंदेल, पण कंपनी पैसे देईलच असे नाही.

दुसरा भ्रम याहून मोठा आहे. घरासाठी कर्ज काढताना विमा उतरविला होता, तेव्हा चोरीची काळजी नाही, असे पुष्कळजण म्हणतात. १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी सर्व सर्वसाधारण विमा कंपन्या देतात. आग, भूकंप, पूर, वादळ यांसाठी ती चांगली आहे. चोरीचे काय? आग किंवा पूर यांसारखे विम्यात बसणारे संकट आले आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत चोरी झाली, तरच ती भरून मिळते. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण जोडून घ्यावे लागते. आज घरी गेल्यावर आपली पॉलिसी काढून एवढे एक तरी पाहा.

आणखी चार गोष्टी तिच्यात शोधाव्या. दागिन्यांचा उल्लेख वेगळा केला आहे काय? रोख रक्कम धरली आहे काय? घर सलग किती दिवस बंद राहिले तर संरक्षण थांबते? ही मुदत पुष्कळ ठिकाणी तीस दिवसांची असते. दोन महिने मुलाकडे राहायला जाणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे जरूर पाहावे. चौथी गोष्ट सरासरीच्या कलमाची. घरात दहा लाखांच्या वस्तू असून हप्ता वाचावा म्हणून पाच लाखांचाच विमा घेतला, आणि दोन लाखांची चोरी झाली, तर या कलमाप्रमाणे एकच लाख मिळतो.

सोने बँकेच्या लॉकरात ठेवले म्हणजे सुटलो, असेही नव्हे. लॉकर घरापेक्षा बरा खरा. परंतु रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे तेथे चोरी झाली, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत असते. भाडे दोन हजार असेल तर दोन लाख. आत किती ठेवायचे, याचा हिशेब आपणच करावा.

आता चोर आत येऊच नये म्हणून काय करावे? वर्तमानपत्रात रोज वाचतो, ‘कडीकोयंडा तोडून’ चोरी झाली. शंभर रुपयांचे कुलूप सोडून आपण हजाराचे आणतो, पण ते अडकते त्या कोयंड्याला अर्ध्या इंचाचे स्क्रू असतात! चोर कुलपाशी झगडत नाही, कोयंडा उखडतो. तेव्हा कोयंडा आरपार बोल्टाने बसवावा, चौकट पोखरलेली नाही ना ते पाहावे, आणि दाराच्या आतच बसणारे कुलूप लावावे. बाहेर लोंबणारे कुलूप घरात कोणी नाही अशी दवंडी पिटते. गच्चीचे दार, न्हाणीघराची खिडकी आणि मागची पायवाट यांची पाहणी चोराच्या नजरेने करावी. दारात साचलेली वर्तमानपत्रे आणि दुधाच्या पिशव्याही बोलतात. प्रवासाची छायाचित्रे परत आल्यावर मोबाईलवरून पाठविली, तर काय बिघडते?

पण कोणत्याही कुलपापेक्षा शेजारी मोठा. चाळीत दारे दिवसभर उघडी असत. वाईट नजरेचा माणूस जिना चढला, तर दहा डोळे त्याच्याकडे वळत. आज इमारतीत कॅमेरे आहेत, पण समोरच्या बिऱ्हाडाचे आडनाव ठाऊक नाही. कॅमेरा चोरी झाल्यावर दाखवितो. शेजारी होण्यापूर्वी हाक मारतो. गावाला जाताना शेजाऱ्याला सांगून जा, आणि त्याच्या घराकडे तुम्हीही लक्ष ठेवा.

एवढे करूनही चोरी झालीच, तर काय? प्रथम काही आवरू नका, कशाला हात लावू नका. ११२ क्रमांकावर फोन करा. फिर्याद नोंदवून तिची प्रत घ्या. ती विनामूल्य देणे पोलिसांवर कायद्याने बंधनकारक आहे. पंचनाम्यात प्रत्येक उखडलेला स्क्रू आणि वाकलेला गज लिहवून घ्या. फिर्यादीत जे पाहिले तेवढेच सांगा. संशय हा पुरावा नव्हे. विमा कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवा. दागिन्यांच्या पावत्या, वजने व छायाचित्रे आजच एका जागी करून घराबाहेर कोणा विश्वासू माणसाकडे ठेवा. तपास लागला नाही, तर पोलिसांचा तसा अहवाल, ज्याला आपल्याकडे ‘अ समरी’ म्हणतात, तो कंपनी बहुधा मागते. तोही मागून घ्या.

कंपनीने नाही म्हटले म्हणजे सारे संपले, असे समजू नका. आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत. फी नाही, वकील लागत नाही, आणि पन्नास लाखांपर्यंतची भरपाई ते देववू शकतात.

शेवटी एकच सांगतो. खात्यातला एखादा सोबती वारला, की पगाराच्या दिवशी फाटकाशी टॉवेल पसरतात आणि जो तो ऐपतीप्रमाणे त्यात टाकतो. विमा म्हणजे मुळात तोच टॉवेल. एकाचे नुकसान पुष्कळांनी वाटून सोसायचे. टॉवेलाशेजारी आता कलमांचा कागद आला, म्हणून तो वाचायला शिकले पाहिजे. आणि चोरीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या दारात भांडी घासायला आलेली बाई दिसली, तर बोट उचलण्यापूर्वी एकदा मागची खिडकी पाहून यावे, एवढीच विनंती.