परदेशातील समाजसेवा आणि आपल्या मुलांचा प्रवेश
(पेठ वडगाव येथील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यासाठी ठेवलेला विषय एके काळी आपल्या वडगावात कोणाच्या मनातही आला नसता. आज मात्र आपली मुले-मुली परदेशी शिक्षणाची स्वप्ने पाहात आहेत आणि त्याबरोबर नवे प्रश्न घरात येत आहेत. त्यातलाच एक प्रश्न पालक आम्हांला विचारतात. प्रवेशअर्जापूर्वी मुलाला दोन-तीन आठवडे परदेशात स्वयंसेवक म्हणून पाठवावे काय? त्याने अर्जाचे वजन वाढते काय? अशा सहली ठरवून देणाऱ्या संस्था फी घेतात आणि शेवटी प्रमाणपत्र देतात. शिवाय विमानभाडे, व्हिसा, विमा आणि राहणे-खाणे असतेच. आपल्यासारख्या घरात हा पैसा दागिने गहाण ठेवून किंवा पतसंस्थेचे कर्ज काढूनच उभा राहतो. म्हणून या प्रश्नाचे उत्तर नीट तपासून दिले पाहिजे, असे आम्हांस वाटते.

प्रथम हे पाहू की अर्ज कोठे करायचा आहे. अभियांत्रिकी किंवा औषधनिर्माणशास्त्रासाठी राज्यातच प्रवेश घ्यायचा असेल तर गुणवत्ता यादी प्रवेश परीक्षेवर लागते. तेथे परदेशातील सेवेला एकही गुण नाही. बंगळूरच्या अझीम प्रेमजी विद्यापीठासारख्या काही ठिकाणी मुलाखत असते आणि तेथे केलेल्या कामाविषयी बोलण्यास वाव मिळतो. पण ते काम परदेशातच झालेले असावे, अशी अट तेथेही नाही.

ब्रिटनमधील पदवी प्रवेशात मुख्य भर विषयाच्या अभ्यासावर असतो. तेथील सामाईक अर्जात २०२६ च्या प्रवेशापासून विद्यार्थ्याला तीन प्रश्नांची उत्तरे लिहावी लागतात. शिक्षणाबाहेर काय केले व त्याचा या अभ्यासक्रमासाठी काय उपयोग, असा तिसरा प्रश्न आहे. त्यातले ‘काय उपयोग’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसते कोठे जाऊन आलो हे सांगून या प्रश्नाचे उत्तर होत नाही.

अमेरिकेत मात्र अभ्यासाबाहेरच्या कामाला खरोखर स्थान आहे. तेथील शेकडो महाविद्यालयांना चालणाऱ्या ‘कॉमन अ‍ॅप्लिकेशन’ या अर्जात जास्तीत जास्त दहा कामे लिहिता येतात. प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरांचीच जागा असते आणि सोबत विचारलेले असते : आठवड्यातून किती तास, वर्षातून किती आठवडे? आता पाहा. लाखांचा खर्च करून केलेल्या सहलीपुढे ‘वर्षातून दोन आठवडे’ एवढेच लिहावे लागेल. विहारात दर रविवारी लहान मुलांचे गणित घेणारी मुलगी मात्र ‘वर्षातून चाळीस आठवडे’ असे लिहील. वाचणाऱ्याला फरक समजावून सांगावा लागत नाही.

हे केवळ आमचे मत नव्हे. हार्वर्ड विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागातील एका प्रकल्पाने जानेवारी २०१६ मध्ये ‘टर्निंग द टाइड’ नावाचा अहवाल काढला. अनेक महाविद्यालयांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी त्यास पाठिंबा दिला. सेवा मनापासूनची असावी, ती निदान वर्षभर सातत्याने केलेली असावी, आणि घरासाठी केलेल्या कामाचीही दखल घ्यावी, असे त्यात सुचविले आहे. धाकट्या भावंडांना सांभाळणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, घर चालविण्यासाठी नोकरी करणे यांचा त्यात समावेश आहे. कॉमन अ‍ॅप्लिकेशनमध्येही कौटुंबिक जबाबदारीसाठी वेगळा प्रकार ठेवलेला आहे. आपली मुले मात्र हे काम कामच समजत नाहीत आणि तो रकाना रिकामा सोडतात!

आता शिष्यवृत्तीकडे वळू. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी राज्य शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. तिची खरी किल्ली म्हणजे जागतिक मानांकनात ठरलेल्या क्रमांकाच्या आतील विद्यापीठात प्रवेश आणि पदवीचे गुण. ब्रिटिश सरकारच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीला २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो व त्यात बिनपगारी सेवाही धरतात. तीही परदेशातच केलेली हवी असे नाही.

अशा सहलीने नुकसान होऊ शकते काय? आमच्या मते तीन प्रकारे होऊ शकते. पहिले नुकसान पैशाचे. इंग्रजीची परीक्षा, अर्जांची फी, कागदपत्रे यांना लागणारी रक्कम सहलीत गेली तर पाच ठिकाणी करायचे अर्ज दोनच ठिकाणी होतात. दुसरे कायद्याचे. पर्यटक व्हिसावर सेवेचे काम करण्यास अनेक देशांत बंधने आहेत. तो नियम मोडल्याची नोंद झाली तर पुढे विद्यार्थी व्हिसाच अडचणीत येतो.

तिसरे नुकसान आपले नसते, दुसऱ्याचे असते, आणि आम्हांस ते सर्वांत गंभीर वाटते. नेपाळ, कंबोडिया अशा देशांत पाहुण्या स्वयंसेवकांच्या पैशावर चालणारी अनाथालये निघाली. त्यांतील बहुतेक मुलांचे आई किंवा वडील हयात आहेत, हे युनिसेफने दाखवून दिले आहे. दर पंधरा दिवसांनी नवा माणूस येतो, लळा लावतो आणि निघून जातो. ऑस्ट्रेलियाने २०१८ साली आधुनिक गुलामगिरीविषयी कायदा करताना या प्रकाराची दखल घेतली. गरीब घरचे लेकरू कोणाच्या तरी फोटोसाठी दुरावले जावे, हे आपल्याला कसे पटेल?

याचा अर्थ परदेशातील सेवाच वाईट असा कोणी घेऊ नये. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले. चीनने मदत मागितली होती आणि डॉक्टरांच्या हाती वैद्यकीची विद्या होती. ते तेथील भाषा शिकले, युद्धातील जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, तेथेच त्यांचे निधन झाले. त्यांच्या या कार्यावरून तीन प्रश्न सुचतात. आपल्याला कोणी बोलावले आहे काय? आपल्या हाती देण्याजोगे काही आहे काय? आपण पुरेसे थांबणार आहोत काय? या तिन्ही प्रश्नांना ‘होय’ म्हणता आले आणि खर्चाचा भार घरावर पडत नसेल, तर मुलाने अवश्य जावे.

परंतु सेवेसाठी विमानात बसलेच पाहिजे असे नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ पासून चालू आहे. तिच्यात वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचे शिबिर असते. बाबा आमटे यांनी चंद्रपूर जिल्ह्यातील सोमनाथ येथे १९६७ मध्ये श्रमसंस्कार छावणी सुरू केली. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात आपल्या हातकणंगले तालुक्यात आणि शेजारच्या शिरोळमध्ये गावेच्या गावे पाण्याने वेढली गेली. त्या वेळी ज्यांनी निवारा केंद्रांत भाकरी वाटली, औषधांच्या याद्या केल्या, पाणी ओसरल्यावर घरांतला चिखल उपसला, त्यांनी ते अर्जासाठी केले नव्हते. म्हणूनच ते अर्जात लिहिण्याच्या योग्यतेचे आहे.

विद्यार्थी मित्रहो, लिहिताना मात्र नेमके लिहा. ‘मी समाजसेवा केली’ असे लिहू नका. किती दिवस, किती जणांसाठी, तुमच्याकडे कोणती जबाबदारी होती, काय चुकले आणि पुढे काय बदलले, ते लिहा. आजपासून एक वही घाला आणि कामाची तारीखवार नोंद ठेवा. काम पाहणाऱ्या शिक्षकांना किंवा कार्यक्रम अधिकाऱ्यांना वेळीच सांगून ठेवा, कारण शिफारसपत्र तेच देणार आहेत. आणि न केलेले काम कधीही लिहू नका. एक खोटी ओळ उघडकीस आली तर बाकीच्या खऱ्या ओळींवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

येथून जवळच्या माणगावात मार्च १९२० मध्ये परिषद भरली. राजर्षी शाहू महाराजांनी तेथे बाबासाहेबांचा गौरव केला आणि त्याच वर्षी बाबासाहेब अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. ते परदेशी गेले ते विद्येसाठी, आणि त्या विद्येचा उपयोग त्यांनी येथल्या माणसांसाठी केला. पालकांनी हातातला पैसा मुलांच्या विद्येसाठी राखून ठेवावा आणि मुलांनी सेवा आपल्या गल्लीपासून सुरू करावी, एवढीच आमची विनंती आहे. ज्यांना अर्ज लिहिताना अडचण येईल त्यांनी संकोच न करता संस्थेकडे यावे. आम्ही सोबत बसून तो लिहू.