रस्ता आणि रस्त्याकडेचे गाव



आजचा विषय तसा रुक्ष आहे. पण तो आपल्या दारावरून जाणारा आहे, म्हणून थोडा वेळ मागतो. बारामतीहून इंदापूरकडे जाताना सणसर लागते. जवळून नीरा डावा कालवा वाहतो, शेजारी भवानीनगरला श्रीछत्रपती सहकारी साखर कारखाना आहे, आणि आषाढीच्या वाटेवर तुकाराममहाराजांच्या पालखीचा येथे मुक्काम पडतो. ऊस आणि वारी या दोहोंची वाट एकच.

8 नोव्हेंबर 2021 रोजी दोन्ही पालखी मार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. त्यांपैकी तुकाराममहाराजांचा मार्ग पाटस ते तोंडले-बोंडले, सुमारे 130 किलोमीटरांचा. वारकऱ्यांसाठी दोन्ही अंगांना स्वतंत्र पायवाट असावी, असे त्या योजनेतच ठरले. ही गोष्ट मला मोलाची वाटते. वारकऱ्याचा विचार नकाशा आखतानाच झाला, म्हणून त्याला नकाशात जागा मिळाली. पण वारकरी रस्त्याने पुढे जातो. गावकरी रस्ता ओलांडतो! शाळेचे मूल, शेतावर निघालेली मजूर बाई, गळिताच्या हंगामात उसाची मोळी लादलेली बैलगाडी, यांना रस्ता आडवा येतो. मधला दुभाजक लांबपर्यंत अखंड असला, तर गाडीवान उलट दिशेने गाडी हाकणार, तीही रात्री आणि दिव्यावाचून. त्याला दोष देणे सोपे आहे. वेळीच भुयारी वाट मागणे अधिक शहाणपणाचे.

आता कायदा काय म्हणतो? राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956 अन्वये संपादनाची अधिसूचना निघाली की 21 दिवसांत हरकत घेता येते, आणि हरकत घेणाऱ्याचे म्हणणे सक्षम प्राधिकाऱ्याने ऐकून घ्यावे लागते. हा हक्क मात्र त्या जमिनीत ज्याचा हितसंबंध आहे त्याचा. 2013 च्या भूसंपादन कायद्यातील भरपाईच्या तरतुदी 1 जानेवारी 2015 पासून महामार्गांनाही लागू झाल्या, हेही चांगलेच झाले. परंतु ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्या ऊसतोड्याने कोठे जावे? त्याचे नुकसान सातबाऱ्यावर दिसत नाही. साहजिकच सारी चर्चा दरापाशी येऊन थांबते, आणि सर्वांच्या गरजेच्या गोष्टी कोणाच्याच अर्जात येत नाहीत.

पाण्याचेच उदाहरण घ्या. नीरेच्या कालव्याखालील कित्येक जमिनी पाणी साचून खारावल्या, हा या भागाचा जुना अनुभव. अशा मुलखात रस्त्याचा भराव उंच झाला आणि खाली पुरेशा मोऱ्या ठेवल्या नाहीत, तर वरच्या अंगाच्या शेतांतील पाण्याने जावे कोठे? पावसाळ्यात पाणी कोणत्या बांधावरून वाहते, हे इंजिनियरपेक्षा तेथील शेतकऱ्याला अधिक ठाऊक असते. पण ते त्याने सांगितले पाहिजे, आणि मोरी बांधण्यापूर्वी सांगितले पाहिजे.

रस्ता झाला म्हणजे प्रश्न संपला असेही नव्हे. त्यामागून ढाबे येतात, गोदामे येतात, शेताचे प्लॉट पडतात. गावाने आपण होऊन काही ठरवले नाही, तर पैसेवाला ठरवील. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, 1966 मध्ये आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध करून हरकती व सूचना मागविण्याची तरतूद आहे. सूचना या शब्दाकडे लक्ष द्या. नुसती हरकत घेऊन भागत नाही. काय हवे तेही सांगावे लागते.

म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे. ग्रामसभेत गावाचा नकाशा भिंतीवर लावावा. मुले कोठे ओलांडतात, गाड्या कोठे वळतात, पाणी कोठे तुंबते, पालखीच्या मुक्कामासाठी कोणती जागा मोकळी राहावी, झाडे कोठे लावावीत, याच्या खुणा सर्वांनी मिळून कराव्यात. बायकांना आणि भूमिहीनांना आधी बोलू द्यावे. जमीनदाराचा अर्ज वकील लिहितोच. मग त्याचा ठराव करून तो लेखी पाठवावा, पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत पाठपुरावा करावा. सारे मान्य होईल असे नाही. पण गावाला विचारलेच नव्हते, असे म्हणण्यापेक्षा गावाने सांगितले होते, असे कागदावर असणे केव्हाही बरे.