दमछाक कुणाची?

गेल्या डिसेंबरमध्ये पुण्याला गेलो होतो, तेव्हा नऊ वर्षांच्या भाच्याला घेऊन सिंहगड चढलो. मी फिजिओथेरपिस्ट, म्हणजे दुसऱ्यांच्या स्नायूंवर माझं पोट चालतं. तरी आतकरवाडीपासून अर्ध्या वाटेवरच माझे पाय भरून आले. भाचा मात्र पुढे पळे, दगडावर टेके आणि मी धापा टाकत पोचलो की पुन्हा सुटे. वर पिठलं-भाकरी खाऊन मी आडवा व्हायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो म्हणाला, “मामा, खाली जाऊन परत वर येऊ या?”

हाच पोरगा दुसऱ्या दिवशी मंडईत अर्ध्या तासात “पाय दुखतायत” म्हणून फतकल मारून बसला. “नाटकं आहेत नुसती,” बहीण म्हणाली. मला मात्र काल आणि आज, दोन्ही खरं वाटलं.

आधी गडाचं बघू. फ्रान्समध्ये सेबास्तियाँ रातेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. वयात न आलेली १२ मुलं, सराव नसलेले १२ प्रौढ आणि १३ कसलेले खेळाडू. धावणं, सायकल, ट्रायथलॉन यांत राष्ट्रीय पातळीवर उतरणारे. सगळ्यांना जागच्या सायकलीवर ३० सेकंद जीव तोडून पायडल मारायला लावलं. शेवटाकडे सामान्य प्रौढांची ताकद सुमारे ५२ टक्के घसरली, खेळाडूंची ४२ टक्के आणि मुलांची जेमतेम ३५ टक्के. नंतर, जोराच्या कामात स्नायूंत तयार होऊन रक्तात उतरलेलं लॅक्टेटही मुलांच्या शरीरानं झपाट्यानं निस्तरलं. (लॅक्टेटलाच सगळ्या थकव्याचा गुन्हेगार ठरवायची जुनी सवय आहे. ते बिचारं तेवढं दोषी नाही, पण तो खटला पुन्हा कधीतरी.)

असं का होतं? स्नायूला शक्ती दोन वाटांनी मिळते. एक रोखीची, प्राणवायू वापरून. दुसरी उधारीची, प्राणवायूची वाट न बघता साखर फोडून. उधारीत एकदम मोठी रक्कम हाती येते, पण वसुलीही लगेच सुरू होते. मुलांचा व्यवहार बराचसा रोखीचा, कारण त्यांना उधारी मिळतच नाही फारशी! साखर फोडणारी काही एन्झाइमं त्यांच्या स्नायूंत कमी प्रमाणात असतात. शिवाय कितीही जोर लावला तरी मेंदू त्यांच्या सगळ्या तंतूंना कामाला जुंपू शकत नाही. जोरकस पण लवकर दमणारे तंतू बऱ्याच अंशी राखीवच राहतात. त्यामुळे मुलांची ताकद, वजनाच्या हिशेबातही, आपल्यापेक्षा कमी. जेवढं कमी उचललं तेवढं कमी फेडायचं, आणि फेडही चटकन. अर्धा मिनिट दगडावर टेकणं भाच्याला पुरत होतं ते यामुळे. वयात येताना ही उधारीची खाती उघडतात. मग पोरगा जोरात पळतो आणि आपल्यासारखा धापाही टाकतो.

आता मंडई. गडावर लय त्याची होती, मंडईत आमची. आखूड पायांनी आमच्याबरोबर चालायचं तर पावलं जास्त पडतात आणि वजनाच्या दर किलोमागे शक्तीही प्रौढापेक्षा जास्त खर्च होते. शिवाय मध्ये दगड नाही, टेकणं नाही. त्यात भाजीचे भाव ऐकण्याचा कंटाळा, तो कोणत्या सायकलीवर मोजणार?

हे सगळं तुमच्यासमोर मांडायचं कारण वेगळंच आहे. सकाळी पोहणं, दुपारी फुटबॉल, संध्याकाळी ढोलाचा सराव, आणि अशा मुलांचे आईबाबा मला कौतुकानं सांगतात, “अहो, हा दमतच नाही!” खरं आहे. पण दम स्नायूचा टिकतो. गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला जिथे स्नायूचा दोर जोडलेला असतो, ती जागा वाढत्या वयात कच्ची असते. तिथे दुखायला लागलेली दहा-बारा वर्षांची मुलं माझ्याकडे नेमानं येतात, आणि त्यांतली बहुतेक ‘न दमणारीच’ असतात. त्या वयात दमसास वाढवण्याचे व्यायाम कशाला? तो त्यांच्याकडे आहेच. चेंडू नीट मारायला, तोल सांभाळायला शिकवा, आणि आठवड्यातले एक-दोन दिवस कुठलाही वर्ग नको.

मंडईत मग आम्ही उसाचा रस घेतला आणि दहा मिनिटं पायरीवर बसून राहिलो. उठल्यावर भाचा घरापर्यंत पळत गेला. मी रिक्षा केली.