दोन लष्करे

लष्कराची छावणी पडते ती मुळी उठून जाण्यासाठी. परंतु काही छावण्या उठतच नाहीत. त्यांची नगरे होतात. आमच्या ग्वाल्हेरचे लष्कर हे असे एक नगर. दौलतराव शिंद्यांनी 1810 मध्ये किल्ल्याच्या पायथ्याशी तळ दिला आणि तो कायमचा झाला. दुसरे असे नगर दूर दक्षिण अफगाणिस्तानात आहे. त्याचे नाव लष्करगाह. म्हणजे लष्कराचा तळच. गझनवी सुलतानांचे सैन्य तेथे राहत असे. हेलमंद आणि अर्गंदाब या नद्यांच्या संगमाजवळ ते वसले आहे. थोडे वर, गिरिश्क येथे, कंदाहार-हेरात महामार्ग हेलमंद ओलांडतो. आमच्याकडे आग्रा-मुंबई महामार्ग आहे.

रस्ता माणसे आणतो. पण त्यांना ठेवून घेते ते पाणी. हेलमंदवर 1953 मध्ये कजाकीचे धरण झाले, कालवे निघाले, माळरानावर शेते उभी राहिली. मात्र पाणी आणणाऱ्यांनी पाण्याचा निचरा पुरेसा पाहिला नाही. जमिनी पाणथळ झाल्या, वर मीठ फुटले.

आमच्याकडे सांक नदीवर 1916 मध्ये तिघरा धरण बांधले गेले. विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळ खडकवासल्याला बसविलेले स्वयंचलित दरवाजे येथेही आले. परंतु पायाच्या वालुकाश्मात पाणी मुरले आणि ऑगस्ट 1917 मध्ये धरण फुटले. ते पुन्हा उभारले गेले; आज शहर त्याचेच पाणी पिते.

आणि घरात नळ आला तशी दारातली नदी विस्मरणात गेली! ज्या स्वर्णरेखेच्या काठी 1858 च्या जूनमध्ये राणी लक्ष्मीबाई धारातीर्थी पडल्या, तिला आज लोक नाला म्हणतात. थाटीपुराहून लष्करात जाताना तिचे पाणी दिसण्याआधी त्याचा वास येतो. सांडपाण्याची वाट आपणही पाहिली नाही. ती नदीनेच दिली.

छावणी पाणी वापरते, घाण करते आणि पुढच्या मुक्कामाला निघते. नगराला पुढचा मुक्काम नसतो. तळ पडून दोनशे वर्षे उलटली. मग आपण अजूनही छावणीतच राहत आहो काय?