गोळीआधी टेप

अध्यक्षीय भाषणात वर्षभराच्या संशोधनाचा आढावा घेण्याचा प्रघात आहे. परंतु त्या आढाव्यात, पोटाचा घेर न मोजताच गोळी दिली जाते, ही जुनी तक्रार दरवर्षी मागे पडत आली असल्याने, यंदा आढाव्यानेच मागे राहणे उचित ठरेल.

मधुमेह, पोटाभोवतीची चरबी आणि रक्तातील बिघडलेले मेद यांना चयापचयाचे विकार म्हणतात. या विकारांत पेशींतील तंतुकणिकांवर, म्हणजे ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म घटकांवर, साखर आणि मेदाम्लांचा अतिरिक्त भार पडून मुक्त मूलके, म्हणजे अतिक्रियाशील रेणू, प्रमाणाबाहेर तयार होतात, आणि शरीराची प्रतिकारयंत्रणा त्यांना पुरी पडेनाशी झाली की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. ही मूलके रक्तवाहिनी सैल ठेवणारा नायट्रिक ऑक्साइड नष्ट करतात, भित्तिकेत शिरलेल्या वाईट कोलेस्टेरॉलचे ऑक्सिडीकरण करतात, आणि ते गिळून फुगलेल्या पांढऱ्या पेशींचा थर पुढे हृदयाची वाट अडवतो.

यावरून मूलके मारणारी गोळी द्यावी, असा सोपा निष्कर्ष वैद्यकीय व्यवसायाने काढला आणि तो सांगलीच्या हळदीने व तासगावच्या द्राक्षाने अधिकच गोड केला. हळद भाजीत असावीच. मात्र तिच्यातील कर्क्युमिन आतड्यातून अत्यल्प शोषले जाते. जीवनसत्त्व ई बाबत तर प्रश्न केव्हाच निकाली निघाला आहे: २००० साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत हृदयविकाराचा मोठा धोका असलेल्या सुमारे साडेनऊ हजार रुग्णांपैकी ज्यांना ते रोज ४०० एकके दिले गेले, त्यांचे झटके कमी झाले नाहीत. असे असूनही ‘ताकदीच्या’ कॅप्सुलांनी चिठ्ठी भरते आणि मूलके वाढवणाऱ्या पोटाच्या चरबीकडे कोणी पाहत नाही.

बारीक माणसाची तपासणी कशाला, हा वाद या व्यासपीठावर वारंवार रंगतो. त्यावर अध्यक्षांच्या व्यवसायातील एक दाखला पुरेसा आहे. माण तालुक्यातील एक निवृत्त सुभेदार अंगाने काटक होते, हातपाय काड्यांसारखे होते आणि वजन बेताचे असल्याने त्यांची साखर कोणी पाहिलीच नव्हती. मात्र त्यांच्या पट्ट्याच्या टोकाकडे दाभणाने पाडलेली दोन नवी भोके होती. “पित्त झालंय, जरा धाप लागती,” एवढेच गाऱ्हाणे होते. ईसीजीत जुना झटका निघाला, जो मधुमेहाने बोथटलेल्या मज्जातंतूंमुळे दुखलाच नव्हता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मधून बारीक अंगातही चरबी दडते हे स्वतःच्या देहावर दाखवले: ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा आणि त्यांचा वजननिर्देशांक सारखाच, २२.३; पण चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के. तरीही वाद घालायचा असल्यास खुशाल घालावा.

टेंभू-ताकारी उपसा सिंचन योजनांचे पाणी आले, उसाबरोबर बसून करायची कामेही वाढली. या बदलाची गावोगावची नोंद परिषदेने हाती घ्यावी, तिचा नमुना, निधी आणि मुदत कार्यकारिणीने यथावकाश ठरवावी. तूर्त कमरेचा घेर पुरुषात ९० आणि स्त्रीत ८० सेंटिमीटर ओलांडताच साखर, रक्तदाब आणि मेद तपासावेत, आणि घेराची नोंद नसलेला केसपेपर पुढील अधिवेशनात चर्चेला घेऊ नये.