बहुमताचा अधिकार आणि त्याची मर्यादा

महाड नगरपालिकेने ४ ऑगस्ट १९२७ रोजी स्वतःचाच एक ठराव रद्द केला. चवदार तळे अस्पृश्य मानल्या गेलेल्या नागरिकांस खुले आहे, असा तो १९२४ सालचा ठराव होता. त्यास आधार होता तो मुंबई कायदेकौन्सिलाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केलेल्या सीताराम केशव बोले यांच्या ठरावाचा. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने यांचा वापर अस्पृश्यांना करू द्यावा, असे त्यात म्हटले होते. महाडचा ठराव तीन वर्षे दप्तरातच राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या नेतृत्वाखाली परिषदेस आलेल्या लोकांनी तळ्याचे पाणी घेतले, तेव्हा त्यांना मारहाण झाली, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले आणि काही महिन्यांतच नगरपालिकेने माघार घेतली.

बहुमताविषयीचा मूळ प्रश्न या घटनेत उघडपणे दिसतो. हक्क मान्य करणारी संस्था तीच आणि तो काढून घेणारीही तीच. मतांच्या बळावर मिळालेली गोष्ट मतांच्या बळावर जाऊ शकते. मग तिला हक्क म्हणावयाचे की सवलत? त्या काळी मताधिकार सार्वत्रिक नव्हता, म्हणून ते खरे बहुमतच नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. तो निराधार नाही. परंतु गावातील प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाने मत दिले असते, तरी १९२७ च्या महाडात निकाल निराळा लागला असता असे मानणे कठीण आहे.

ग्रामपंचायतीच्या सभेत हात वर करून निर्णय घेण्याची रीत सर्वांच्या परिचयाची आहे. रस्ता प्रथम कोणत्या वस्तीत करावा, बाजार कोणत्या वारी भरवावा, पाणीपट्टी किती असावी, या गोष्टी बहुमतानेच ठरावयास हव्यात. तेथे अल्पमताने अडून बसण्यात न्याय नाही. आज हरलेला पक्ष उद्या जिंकू शकतो, म्हणून तो निर्णय मानतो. ही आशाच जेथे नसते तेथे बहुमताचे स्वरूप पालटते. ६ मे १९४५ रोजी मुंबईत केलेल्या भाषणात आंबेडकरांनी नेमका हा भेद मांडला होता. राजकीय बहुमत विचारांनी घडते व मोडते, जातीय बहुमत मात्र जन्मानेच ठरलेले असते. शंभर घरांच्या गावात दहा घरे ज्या समाजाची आहेत, तो समाज कितीही उत्तम वादविवाद करो, मतमोजणीत तो दहाच घरांचा राहतो.

महाडचा वाद पुढे न्यायालयात दहा वर्षे चालला. मुंबई उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी तळ्यावर मक्तेदारी सांगणाऱ्या फिर्यादींचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे आहे आणि अस्पृश्यांना वगळण्याची अनादी रूढी सिद्ध झालेली नाही, असा निर्णय झाला. तो स्वागतार्ह होता, तरी त्याचा पाया अरुंद होता. रूढी सिद्ध झाली असती, तर? हे छिद्र बुजले ते २६ जानेवारी १९५० रोजी. सरकारी निधीतून राखलेल्या अथवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तळी, स्नानघाट व रस्ते यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान या कारणांवरून मज्जाव करता येणार नाही, असे राज्यघटनेच्या अनुच्छेद १५ ने सांगितले. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली, तर अनुच्छेद १३ ने मूलभूत हक्कांशी विसंगत कायदे त्या मर्यादेपर्यंत निरर्थक ठरविले. चवदार तळ्याचा प्रश्न यापुढे कोणत्याही सभेच्या विषयपत्रिकेवर येऊ शकत नाही.

राज्यघटनाही बहुमतानेच दुरुस्त होते, हा युक्तिवाद वारंवार केला जातो. तो खरा आहे, पण अपुरा. त्यासाठी विशेष बहुमत लागते आणि २४ एप्रिल १९७३ च्या केशवानंद भारती निर्णयानुसार तेवढ्या बहुमतालाही घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. (बहुमताला मर्यादा घालणारा हा निर्णय तेरा न्यायाधीशांत सात विरुद्ध सहा अशा मतांनीच झाला, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.)

शिक्षकांनी एक खटला अवश्य अभ्यासावा. केरळमधील एका शाळेने १९८५ मध्ये तीन भावंडांना काढून टाकले. राष्ट्रगीताच्या वेळी ती आदराने उभी राहत, परंतु आपल्या धर्मश्रद्धेमुळे ते गात नसत. साऱ्या शाळेत अशी मुले मोजकीच. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. उभे राहण्यात आदर व्यक्त होतोच आणि गाण्याची सक्ती करणारा कायदा नाही, हे न्यायालयाने पाहिले. किती जण गातात, हा प्रश्न निर्णायक ठरला नाही.

अर्थात अल्पसंख्य समाजाच्या नावाने चालणारी प्रत्येक गोष्ट संरक्षणास पात्र ठरत नाही. धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांच्या अधीन आहे. शिवाय लहान समाजाच्या आतही एक बहुमत असते आणि ते एकट्या कुटुंबावर अधिक निष्ठुर होऊ शकते. जातपंचायतींच्या बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ चा अधिनियम केला आणि तो २०१७ मध्ये अंमलात आला, तो अशाच कुटुंबांसाठी. वाळीत टाकण्याचा निर्णय बैठकीत एकमताने झाला, हा बचाव तेथे चालत नाही. त्या मतासाठी जमलेली बैठकच गुन्ह्याच्या कक्षेत येते.